आधी संकल्प, मग सवलत

आश्विनाचा कृष्णपक्ष लागला, की घराघरांतून भाजणीचा दरवळ सुटतो, अंगणे सारवली जातात, आणि वसुबारसेची पहिली पणती उजळण्यापूर्वीच गृहिणीच्या हाती खरेदीची यादी येते. पूर्वी ही यादी माजघरात बसून सिद्ध होत असे. वाणसामान किती, मुलांना कापड किती, लेकीच्या सासरी काय पाठवावयाचे, सुट्टीत कोणत्या क्षेत्री जाऊन यावयाचे, याचा विचार घरातील वडीलधारी मंडळी करीत आणि मगच कोणी बाजाराची पायरी चढे. आता यादी बाहेरून येते. भिंतीवरील फलकांतून, वर्तमानपत्रात घातलेल्या रंगीत पत्रकांतून आणि हातातील भ्रमणध्वनीतून ती आपल्याला सांगते, की अमुक वस्तूवर निम्मी सूट आहे, तमुक यात्रेचा दर उद्यापासून वाढणार आहे.

वाचकहो, कोणत्याही पूजेच्या आरंभी आपण संकल्प सोडतो. त्यात देश सांगतो, काल सांगतो आणि हेतू सांगतो. उदक सोडल्यावर मग पूजेला हात घालतो. खरेदीलाही हाच क्रम असावा, असे आम्हांस वाटते. काय हवे, केव्हा हवे, कशासाठी हवे, हे ठरल्यावर जी सवलत मिळते ती बचत. सवलत आहे म्हणून जे घेतले जाते तो खर्चच, मग तो कितीही गोड दिसो. 'सवलत' हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ सुलभता, सोय. 'सूट' मात्र आपल्या सुटण्यातून निघाली आहे. जिच्यामुळे सोय होते ती सवलत, आणि जिच्यामुळे हातचा पैसा सुटतो ती सूट, असे आम्ही कीर्तनात विनोदाने म्हणतो. परंतु त्या विनोदामागे आमचा एक कटु अनुभव आहे. तो पुढे सांगू. प्रथम जी सवलत आपल्या हक्काची आहे, तिच्याविषयी.

नांदेड-लातूरकडील भाविकाचे वर्ष यात्रांनी बांधलेले असते. माहूरची रेणुकामाता, तुळजापूरची भवानी, परळीचे वैद्यनाथ, औंढ्याचे नागनाथ, माळेगावचा खंडोबा आणि सर्वांच्या शिरोभागी पंढरी. या बहुतेक वाटांवर आपली एस.टी. धावते. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षे पूर्ण केलेल्या ज्येष्ठांना राज्यात एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला. पासष्ट ते पंचाहत्तर या वयोगटाला निम्मे भाडे आहे. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांनाही निम्मे भाडे लागू झाले.

आमचेच उदाहरण घ्या. आम्ही पासष्टी ओलांडली, मातोश्री नव्वदीच्या घरात. त्या, आम्ही, आमचे कुटुंब आणि चिरंजीव असे चौघे तुळजापुरास गेलो. मातोश्रींचे काही नाही, आमचे अर्धे, सौभाग्यवतींचे अर्धे, चिरंजीवांचे पूर्ण. चार माणसे दोन तिकिटांत देवीच्या दारी पोहोचली. वाहकाने 'अर्धे' म्हणून तिकीट हाती दिले, तेव्हा प्रथम थोडे ओशाळल्यासारखे झाले. यापूर्वी अर्धे तिकीट काढले ते वडिलांचे बोट धरून. परंतु मागून विचार केला, की हे दान नव्हे, राज्याने वयाला दिलेला मान आहे. तो घेण्यात संकोच कसला?

तरीही आमच्या गल्लीत अशी कितीतरी वृद्ध मंडळी आढळली, की ज्यांनी ही सवलत कधी घेतलीच नव्हती. कोणाच्या ओळखपत्रावर जन्मवर्ष चुकलेले, कोणाचे ओळखपत्र ट्रंकेच्या तळाशी, आणि कोणाला हे ठाऊकच नाही. तेव्हा दिवाळीला घरी आलेल्या मुला-नातवंडांनी फटाक्यांआधी एवढे करावे: आजी-आजोबांची कागदपत्रे पाहावीत, चुकलेली तारीख दुरुस्त करून द्यावी आणि सवलतीसाठी सध्या कोणते ओळखपत्र वा कार्ड लागते, हे जवळच्या आगारात विचारून यावे.

या सवलतींची सीमाही ध्यानी असू द्यावी. ती महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच चालते. नांदेडहून बासरच्या सरस्वतीला अथवा लातूरहून गाणगापुरास दत्तदर्शनाला निघालेल्यांना हद्दीपलीकडचे भाडे पूर्ण द्यावे लागते. कर्नाटकात जून २०२३ पासून आणि तेलंगणात डिसेंबर २०२३ पासून महिलांना शासकीय बसमध्ये विनामूल्य प्रवास मिळू लागला; परंतु तो त्या त्या राज्यांतील रहिवासी महिलांसाठी. आपल्या भगिनींनी तेथे वाहकाशी वाद घालू नये, तो बिचारा नियमानेच वागत असतो.

आणखी दोन सोयी. 'आवडेल तेथे प्रवास' ही पासाची योजना १९८८ पासूनची. चार अथवा सात दिवसांचा पास काढून एकामागून एक क्षेत्रे करणाऱ्यांस ती उपयोगी पडते. आणि आषाढीला गावातील चाळीस वा अधिक यात्रेकरूंनी एकत्र मागणी केली, तर थेट गावातून पंढरपूरला गाडी देण्याची व्यवस्था एस.टी.ने अलीकडच्या वर्षांत केली आहे. दीडशे किलोमीटरहून लांबच्या प्रवासाचे आगाऊ आरक्षण करणाऱ्या पूर्ण तिकिटाच्या प्रवाशांना १५ टक्के सवलत १ जुलै २०२५ पासून जाहीर झाली. गर्दीचा हंगाम मात्र तीतून वगळलेला.

रेल्वेचे तसे नाही. साठीच्या पुढील पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्नच्या पुढील स्त्रियांना ५० टक्के मिळणारी सवलत २० मार्च २०२० पासून बंद झाली. जुन्या आठवणीवर विसंबून खिडकीशी गेलेल्या वृद्धांची निराशा आम्ही पाहिली आहे. तथापि अर्जात वय अचूक लिहावे, कारण साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील महिला यांना शक्य तेथे खालची शायिका देण्याची सोय आहे. गुडघे धरलेल्या माणसाला ही सवलत पैशांहून मोलाची वाटते. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. पुण्या-मुंबईस असलेल्या मुलांनी ही तारीख दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावी. ज्यांना ते साधत नाही, ते खाजगी बसच्या दारी जातात आणि दिवाळीच्या आठवड्यात तेथील दर ऐकून डोळे पांढरे होतात. येथेही नियम आहे. २०१८ च्या शासननिर्णयानुसार खाजगी बसला त्याच प्रकारच्या एस.टी. गाडीच्या दीडपटीहून अधिक भाडे आकारता येत नाही. आकारल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे तक्रार करावी, तिकीट जपून ठेवावे.

आता आमचा अनुभव. काही वर्षांपूर्वी आमच्या भ्रमणध्वनीवर एक पत्रक आले. चारधाम यात्रा, निम्म्या खर्चात, केदारनाथला हेलिकॉप्टर, नावनोंदणी आज मध्यरात्रीपर्यंतच. बोलणारा मनुष्य विनम्र होता, जिभेवर साखर होती. त्या रात्री कीर्तन होते. नारदाच्या गादीवर उभे राहून, हरिकथा संपल्यावर, आम्ही ती वार्ता श्रोत्यांना सांगितली. सांगणारे बुवा, मग शंका कोण घेणार? एकवीस जणांनी प्रत्येकी तीन हजार रुपये त्याच रात्री पाठविले. त्यांत सुनेच्या नकळत डब्यात साठविलेले पैसे होते, एका विधवा भगिनीचे शिवणकामाचे पैसे होते. आठ दिवसांत तो क्रमांक बंद झाला. कार्यालयाचा म्हणून दिलेला पत्ता कोठेच नव्हता. त्रेसष्ट हजार रुपये गेले. पुढील दोन वर्षे मिळालेल्या बिदागीतून आम्ही ते ज्याचे त्यास फेडले. कारण लोकांनी त्या अनोळखी माणसावर नव्हे, गादीवर विश्वास ठेवला होता. पैसे फिटले, पण गादीचा वापर आम्ही जाहिरातीस केला, ही टोचणी फिटत नाही.

त्या एकवीस जणांत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी होत्या. पैसे परत द्यावयास गेलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बुवा, देव कुठं पळून चालला होता का? घाई तर आपल्यालाच झाली." याहून चांगले निरूपण आम्हांस आजवर सुचलेले नाही. त्या आजी पुढे विनामूल्य प्रवासाच्या सवलतीत पंढरीला जाऊन आल्या.

हे सारे ज्ञान आम्हांस उशिरा झाले, तुम्हांस वेळीच व्हावे. केदारनाथच्या हेलिकॉप्टरची ऑनलाइन नोंदणी २०२३ पासून रेल्वेच्या आय.आर.सी.टी.सी. या कंपनीच्या 'हेलियात्रा' संकेतस्थळावर होते. दुसऱ्या कोणी दुवा पाठविला तर त्यास हात लावू नये. फसगत झालीच तर लाजून गप्प न बसता तत्क्षणी १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसा पुढे सरकण्याआधी थोपविता आला तर याच पहिल्या काही तासांत. आम्ही आठ दिवस वाट पाहिली आणि तीच आमची दुसरी चूक.

यात्रेतील फसगत सहसा घाईतून होते, बाजारातील विस्मरणातून. मागच्या दिवाळीत लातूरच्या गंजगोलाईत गेलो होतो. मध्ये जगदंबेचे मंदिर आणि भोवती फुटलेले सोळा रस्ते. प्रत्येक रस्त्याला आपापला बाजार. एका दुकानी धोतरजोडीवर चौदाशेची किंमत आणि वर पन्नास टक्के सूट. आम्हांस कीर्तनाच्या वहीच्या शेवटच्या पानावर खर्च टिपण्याची सवय आहे. पान उलटले, तर तीच धोतरजोडी पाडव्याला सातशेनेच घेतलेली! सूट होती ती केवळ कागदावर. म्हणून गृहिणींनी वर्षभराच्या भावांची एक वही ठेवावी. त्या वहीपुढे कोणताही फलक टिकत नाही.

सोन्याचेही तेच. 'मजुरी माफ' वाचून पाऊल टाकण्यापूर्वी त्या दिवशीचा भाव, दागिन्याचे निव्वळ वजन आणि घट किती धरली, हे तिन्ही वेगळे लिहून मागावे. दागिन्यावर मानक संस्थेचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि अक्षरे-अंक मिळून सहा खुणांचा ओळखक्रमांक असावा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कसाठी तो आवश्यक झाला आहे. करातील उतार आणि दुकानदाराची सूट यांतही भेद करावा. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, तुपावरील कर बारावरून पाच टक्क्यांवर, साबण व केशतेलावरील कर अठरावरून पाचावर आला. ती कोणाची मेहेरबानी नव्हे, ग्राहकाचा अधिकार आहे.

मग खरी स्वस्ताई कोठे सापडते? ती एकोप्यात सापडते. १९७५ च्या गुढीपाडव्याला स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ करून घाऊक भावाने वाणसामान घेण्याची रीत घालून दिली. आमच्या गल्लीतील बारा घरांनी गेली दोन वर्षे तेच केले. हरभराडाळ, रवा, गूळ, तेल यांची एकच यादी. दोघे जण लातूरच्या बाजारात जाऊन आणतात, मंदिराच्या ओवरीत तराजू लागतो आणि प्रत्येकीच्या डब्यात आपापला वाटा पडतो. कोणताही फलक नाही, मध्यरात्रीची मुदत नाही. बायका मात्र म्हणतात, की फराळाची गोडी आता तराजूपासूनच सुरू होते.

बिल मात्र नेहमी घ्यावे. नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्ह्यांत ग्राहक आयोग आहे. वस्तूसाठी मोजलेले मूल्य पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीस शुल्क लागत नाही. सल्ल्यासाठी १९१५ हा क्रमांक आहे. वेळ संपत आल्याचा खोटा भास निर्माण करणे, ही नोव्हेंबर २०२३ पासून केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार निषिद्ध रीत आहे. संस्कृतात 'ग्रह्' या धातूचे घेणे आणि समजणे असे दोन्ही अर्थ होतात. समजून घेतो तोच ग्राहक, हे आपल्या भाषेने आधीच सांगून ठेवले आहे.

दिवाळीत बलिप्रतिपदा येते. वामनाने त्रिपाद भूमी मागितली तेव्हा शुक्राचार्यांनी बळीला सावध केले होते, की ही पावले दिसतात तेवढी लहान नाहीत. बळीने ते ऐकले, ओळखले आणि तरीही दिले; म्हणून तो थोर ठरला आणि आजही त्याचे राज्य येवो असे आपण म्हणतो. आपणही द्यावे, अवश्य द्यावे. ओळखून मात्र द्यावे. यंदा धनत्रयोदशीला दिवा लावाल तेव्हा त्याच्याच उजेडात यादी लिहावी, घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस ती वाचून दाखवावी, आणि मगच बाजाराची वाट धरावी.