लेहच्या दगडाचं दळण

लेहहून खारदुंग ला खिंड चढताना रस्त्याला लागूनच लडाख बॅथोलिथ उघडा पडलेला दिसतो. सुमारे ६०० किलोमीटर लांबीचा हा पट्टा जमिनीखालीच थिजलेल्या शिलारसाचा. इथे हातोडा मारायचा तो जागा पारखून. वरचा तांबूस, भुसभुशीत थर काढून आतला ताजा, करडा ग्रॅनोडायोराइट गाठायचा. भिंगातून हॉर्नब्लेंडच्या काळ्या कांड्या दिसल्या की नमुना घ्यायचा. दाणे जाड असल्याने मूठभर खडक पुरत नाही, दोन-तीन किलो लागतो. नाहीतर एखादा मोठा फेल्डस्पार सगळं रासायनिक गणित बिघडवतो.

मला मात्र खरी जोखीम प्रयोगशाळेतल्या दळणात वाटते. चुऱ्याचा ढीग करायचा, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे. पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. मग बारीक पूड. टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात ती झटपट होते, पण भांडं झिजतं आणि टंगस्टन, कोबाल्टबरोबर टँटलमही पुडीत मिसळतो. आपल्याला तर टँटलमच मोजायचा आहे, तोही दशलक्षांशात! म्हणून अकीकाचं भांडं. वेळ लागतो, लागू द्यावा. दोन नमुन्यांच्या मध्ये शुद्ध क्वार्ट्झ दळून भांडं साफ करायचं.

एवढी काटेकोर शिस्त कशासाठी? सागरी भूपट्ट खाली सरकताना पाणी सोडतो. ते वरच्या प्रावरणात शिरलं की तिथला खडक कमी तापमानाला वितळू लागतो. पाण्याबरोबर बेरियम, स्ट्रॉन्शियम वर जातात. निओबियम, टँटलम मागेच राहतात. मूलद्रव्यांच्या प्रमाणांच्या आलेखात त्या दोघांच्या जागी खड्डा पडतो. लेहच्या खडकात तो आहे, कारण टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली जात होता.

पण नुसत्या खड्ड्यावर निकाल देऊ नये. जुनं खंडीय कवच वितळून झालेल्या ग्रॅनाइटातही तो वारशाने येतो. तिथे स्ट्रॉन्शियमच्या ८७ आणि ८६ या समस्थानिकांचं आरंभीचं गुणोत्तर कामी येतं. लेहच्या, मुख्यतः सुमारे ५.८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात ते ०.७०४च्या आसपास, म्हणजे प्रावरणाच्या जवळचं. गंगोत्रीजवळच्या शिवलिंग शिखराच्या पांढऱ्या, टूर्मलीन असलेल्या ग्रॅनाइटात ते ०.७४च्याही वर जातं. तो सुमारे २.३ कोटी वर्षांपूर्वीचा; भारत आशियाला भिडल्यावर जाड झालेल्या कवचात जुने गाळखडक वितळून तयार झालेला.