आपलेच रक्त, आपलाच गुडघा

साठी उलटली की गुडघे कुरकुरू लागतात. जिन्याला कठडा लागतो, पंगतीत मांडी घालून बसणे सुटते. अशा वेळी कोणीतरी ‘पीआरपी’चे इंजेक्शन सुचवतोच. दंडातून थोडे रक्त काढायचे, यंत्रात गरगर फिरवून त्यातल्या प्लेटलेट्स एकवटायच्या आणि तो द्रव सांध्यात टोचायचा. प्लेटलेट्स जखम भरून काढायला मदत करतात. मग झिजलेली कूर्चाही सावरेल, असा हा हिशेब. मनाला पटतो, कारण औषध परके नाही, आपलेच रक्त!

पण हिशेबाचा ताळा पाहावाच लागतो. ऑस्ट्रेलियातल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. सौम्य ते मध्यम झीज असलेले २८८ रुग्ण. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. कोणाला काय मिळाले, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. वर्षभराने शून्य ते दहाच्या मापावर वेदना पहिल्या गटात २.१ने उतरली, दुसऱ्यात १.८ने. कूर्चेची झीजही जवळपास सारखीच!

काही लहान अभ्यासांत गुण दिसला आहे, हेही खरे. ‘मला बरे वाटले’ म्हणणारे शेजारी खोटे बोलत नाहीत. त्यात आशेचा वाटा असतो, दुखण्याच्या भरती-ओहोटीचाही.

तेव्हा मुदत ठेव मोडण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे : माझी झीज किती? गुण आला नाही तर पुढे काय? मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि आटोक्यातले वजन यांना यंत्र लागत नाही. चिकाटी लागते, ती मात्र टोचून मिळत नाही.