लस घेतली नाही म्हणून पगार थांबवता येतो का? कोर्टाने काय सांगितलं, वाचा

कळमनुरी : कोरोनाची लस आली तेव्हा पहिला नंबर दवाखान्यातल्या माणसांचा होता. डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, आशाताई. आखाडा बाळापूर असो की डोंगरकडा, लोक आधी त्यांनाच विचारायचे, "ताई, तुम्ही घेतली का?" पण ताईने नाही म्हटलं असतं तर तिच्यावर सक्ती करता आली असती का?

आधी मंजुरीचं समजून घेऊ. ३ जानेवारी २०२१ ला कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिनला फक्त आणीबाणीतल्या वापराची परवानगी मिळाली. १६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं, तेव्हा कोव्हॅक्सिनची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी चालूच होती. लस किती गुणकारी हे अजून सिद्ध व्हायचंय, असं तिच्या संमतीपत्रातच लिहिलेलं. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी 'आम्हाला कोविशील्ड द्या' असं पत्र दिलं. डॉक्टरच बिचकले, तर आशाताईला नावं कशाला ठेवायची? नियमित मंजुरी, तीही अटींसह, २७ जानेवारी २०२२ ला मिळाली.

मधल्या वर्षभरात केंद्र सरकार सांगत होतं, लस ऐच्छिक आहे. तरी नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे महापालिकेने एकही डोस न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार थांबवायचं ठरवलं. कागदावर ऐच्छिक, पगारपत्रकावर सक्ती! अमेरिकेत तर ह्यूस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयातून दीडशेवर लोक गेले. काहींनी राजीनामा दिला, बाकीच्यांना काढलं. तिथल्या कोर्टाने रुग्णालयाची बाजू घेतली.

आपल्या सुप्रीम कोर्टाने २ मे २०२२ ला डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निकाल दिला. कुणालाही लस घ्यायची जबरदस्ती करता येणार नाही, असं कोर्ट म्हणालं. मात्र लोकांच्या आरोग्यासाठी सरकार बंधनं घालू शकतं, ती प्रमाणात हवीत. मंजुरी घाईघाईत दिली, हा आरोप कोर्टाने मानला नाही. हे व्हॉट्सॲपवर कुणी सांगत नाही.

आमचं मत विचाराल तर खाटेवरच्या पेशंटचाही विचार करावा लागतो. सिस्टर कोण यावी हे तो ठरवत नाही. म्हणून पूर्ण मंजुरी नसताना लस नको म्हणणाऱ्याला वॉर्डातून काढून दुसरं काम द्यावं, इतपत ठीक. पगार तोडणं नाही. आशाताईला तर पगारही नाही, कामाचा मोबदला मिळतो. तिचं नाव यादीतून गेलं की घरखर्चालाच कात्री. पुढे कधी अशी वेळ आली तर तोंडी हुकमावर जाऊ नका, लेखी आदेश मागा. संमतीपत्र सही करण्याआधी वाचून घ्या, आणि त्यात नुकसानभरपाईचं काय लिहिलंय तेही बघा.