दिवा लागला म्हणजे गिअर बॉक्स गेला, असं नाही
जुनी गाडी, जाणती देखभाल : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण बॅटरी आणि चार्जिंगबद्दल बोललो. आजचा विषय त्याला लागूनच आहे. डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो, पाठोपाठ फोर-व्हीलचा दिवा लुकलुकतो, ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअरची सूचनाही येते आणि मालकाच्या पोटात गोळा उठतो. गिअर बॉक्स उतरवायचा म्हणजे खर्च मोठा. त्या भीतीपोटी माणूस एक तर गाडी विकायला काढतो, नाही तर कोणी सांगेल तो सेन्सर बदलत सुटतो. दोन्ही टाळता येतं. दिवा तक्रार कोणती आहे ते सांगतो, दोषी कोण ते सांगत नाही. दोषी मोजूनच शोधावा लागतो.

अकोले तालुक्यात हा प्रश्न पावसाळ्यात जास्त भेडसावतो. अकोल्याहून राजूरकडे निघालं की विठा घाट चढावा लागतो. पुढे शेंडी, बारी आणि आत वळलं की रतनवाडी, घाटघर. पश्चिमेकडच्या या पट्ट्यात पाऊस धो धो कोसळतो. आवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर खाचरातला चिखल डांबरावर येतो, मागून येणाऱ्या गाड्यांच्या चाकांच्या आतल्या बाजूला उडतो आणि तिथेच वाळतो. चाकाच्या वेगाचा सेन्सर नेमका तिथेच असतो. त्यात घाटातले हादरे, रस्त्यावरून वाहणारे ओढे आणि रात्री गोठ्याशेजारी उभ्या केलेल्या गाडीतली वायर कुरतडणारे उंदीर. दहा-पंधरा वर्षांच्या वायरिंगला एवढं पुरेसं होतं.

एक सेन्सर, तीन दिवे

एकाच वेळी तीन दिवे का लागतात, हे समजलं की निम्मी भीती जाते. चारही चाकांचा वेग मोजणारे सेन्सर ती माहिती एबीएसच्या कॉम्प्युटरला देतात. तिथून ती गाडीतल्या बाकीच्या कॉम्प्युटरांकडे जाते. इंजिनला, फोर-व्हील ड्राइव्हला आणि ऑटोमॅटिक गिअर बॉक्सलाही ती लागते. ही देवाणघेवाण दोन वायरींच्या ज्या जोडीवरून होते तिला कॅन म्हणतात. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ मध्ये जगापुढे मांडली. मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर गप्प झाला की एबीएस स्वतःला बंद करतं आणि दिवा लावतं. वेग कळत नाही म्हणून फोर-व्हीलचं मॉड्यूल गिअर जोडायला नकार देतं. गिअर बॉक्सही सावध होतो. मूळ दोष एकच, तक्रारदार तिघे.

ऑटोमॅटिक गाडी अशा वेळी सेफ मोडला जाते. ती ठरावीक एका गिअरमध्ये अडकून राहते, इंजिन ओरडतं आणि चढावर गाडी उठत नाही. गिअर बॉक्स फुटल्यासारखंच वाटतं. प्रत्यक्षात माहिती अपुरी आहे म्हणून गिअर बॉक्सने स्वतःला जपण्यासाठी घेतलेला हा पवित्रा असू शकतो.

आपल्या भागात जुन्या ऑटोमॅटिक एसयूव्ही आता बऱ्याच दिसतात. नाशिकच्या कारखान्यात बनलेली स्कॉर्पिओ २००२ मध्ये बाजारात आली आणि २००८ मध्ये तिला सहा गिअरांचा ऑटोमॅटिक पर्याय मिळाला. चाकणला तयार झालेली एक्सयूव्ही ५०० आली २०११ मध्ये, तिची ऑटोमॅटिक आवृत्ती २०१५ मध्ये. या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे येतात तेव्हा सर्व्हिसची नोंदवही सोबत येतेच असं नाही. म्हणून तपासणीची शिस्त मालकानेच पाळायची.

स्कॅनर काय सांगतो, काय सांगत नाही

भारतात बीएस-४ गाड्यांना ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःच दोष नोंदवण्याची व्यवस्था, एप्रिल २०१० पासून लागू झाली आणि तिचा पुढचा टप्पा एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या गाडीत सोळा पिनांचं सॉकेट असलं, तरी मोबाइलला जोडायचं स्वस्त यंत्र तिच्याशी बोलेलच याची खात्री नाही. शिवाय ही स्वस्त यंत्रं बहुधा फक्त इंजिनचा कॉम्प्युटर वाचतात. एबीएस आणि गिअर बॉक्सचे कोड वाचणारा स्कॅनर वेगळा. गॅरेजमध्ये जाताना आधी विचारा, "गिअर बॉक्सचं मॉड्यूल उघडतं का?"

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण पी०७०० हा कोड हमखास गैरसमज करून देतो. त्याचा अर्थ एवढाच की गिअर बॉक्सच्या कॉम्प्युटरने काही तक्रार नोंदवली आहे आणि इंजिनला दिवा लावायला सांगितलं आहे. खरी तक्रार गिअर बॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये असते. तिथे पी०७२० असेल तर बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या वेगाच्या सेन्सरचं सर्किट तपासायचं, पी०७०५ असेल तर गिअरच्या दांड्याची जागा ओळखणाऱ्या स्विचचं. यू०१०० म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटला. "सर्किट" हा शब्द लक्षात ठेवा. सर्किट म्हणजे सेन्सर, वायर, कपलर, अर्थ आणि कॉम्प्युटर हे सगळं मिळून. कोडने सेन्सर बदला असं कुठेच म्हटलेलं नाही.

कोड दिसला की लगेच पुसू नका. आधी सगळे कोड लिहून घ्या, फोटो काढा. इंजिनच्या कोडसोबत त्या क्षणाची नोंदही साठवलेली असते: वेग किती होता, पाण्याचं तापमान किती, आरपीएम किती. कोड पुसला की ही नोंदही जाते.

तपासणीचा क्रम

पहिला क्रमांक बॅटरीचा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ आणि स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली नको. सेल मारताना व्होल्टेज कोसळलं की दोन-तीन कॉम्प्युटर एकदम गोंधळतात आणि एकमेकांशी संबंध नसलेले कोड साठतात. असे कोड दिसले, तर गिअर बॉक्सकडे पाहण्याआधी बॅटरीच्या टर्मिनलकडे पाहा.

दुसरा अर्थचा. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर मीटरची एक पिन आणि इंजिनच्या उघड्या धातूवर दुसरी ठेवा. हेडलाइट, ब्लोअर चालू असताना ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थची पट्टी गंजलेली किंवा सैल आहे. पट्टी काढून, घासून घट्ट बसवायला पैसे फारसे लागत नाहीत.

तिसरा कपलरचा. चाकाजवळचे आणि गिअर बॉक्सवरचे कपलर काढून हिरवट गंज, पाणी, वाकलेली पिन पाहा. गिअर बॉक्सच्या कपलरमध्ये तेल दिसलं, तर आतलं सील गेलं असण्याची शक्यता आहे. वॉशिंग सेंटरवर प्रेशरने धुतल्यानंतर दिवा लागला असेल, तर शोध इथूनच सुरू करा. कपलर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मगच जोडायचा. कॅरिअर किंवा हुक बसवताना गाडीवर वेल्डिंग झालंय का, तेही आठवा. बॅटरीच्या वायरी न सोडता केलेलं वेल्डिंग कॉम्प्युटरला घातक ठरतं.

दोन चाचण्या

आता तापमानाचा सेन्सर घेऊ. इंजिनच्या पाण्याचा किंवा गिअर ऑइलचा, तत्त्व तेच. बहुतेक गाड्यांत त्याला दोन वायरी असतात. तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो. स्कॅनरवर त्या सेन्सरचं तापमान उणे ४० अंश दाखवत असेल, तर कळसूबाईच्या माथ्यावरही अशी थंडी पडत नाही. सर्किट उघडं पडलेलं आहे. आता कपलर काढा आणि वायरिंगच्या बाजूच्या दोन पिना एका तारेने क्षणभर जोडा. स्कॅनरवरचं तापमान एकदम वरच्या टोकाला गेलं, तर वायर आणि कॉम्प्युटर दोन्ही ठीक आहेत. दोष सेन्सरमध्ये आहे, बिनधास्त बदला. आकडा उणे ४० वरच राहिला, तर नवा सेन्सर आणूनही काही होणार नाही. वायर कुठे तुटली ते शोधावं लागेल. ही तार फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरलाच लावायची, इतर सेन्सरवर हा प्रयोग करू नका.

चाकाच्या सेन्सरची चाचणी वेगळी. स्कॅनरवर चारही चाकांचा वेग एकत्र लावा आणि मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी २० ते ३० किलोमीटरने गाडी चालवा. एक जण गाडी चालवेल, दुसरा आकडे पाहील. तीन चाकं २५ दाखवतात आणि चौथं शून्य, तर चाक सापडलं. चौथं अधूनमधून पडतं किंवा थांबण्याच्या बेतात असताना इतरांच्या आधीच शून्यावर जातं, तर सेन्सरसमोरची दातेरी रिंग पाहा. ती तडकलेली असेल, गंजाने फुगलेली असेल किंवा दातांत चिखल भरलेला असेल. थांबता थांबता ब्रेकचं पेडल थरथरतं, ही तक्रार बहुधा याचीच. जुन्या पद्धतीच्या कॉइलच्या सेन्सरचा रोध मीटरने मोजता येतो. नव्या पद्धतीच्या सक्रिय सेन्सरला ओहमवर मीटर लावू नका, तो त्यानेच बिघडू शकतो. एकच नवा, वेगळ्या मापाचा टायर टाकला असेल, तर ते चाकही वेगळा वेग दाखवतं. तो सेन्सरचा दोष नव्हे.

गिअर बॉक्सचा खरा आजार

इतकं करूनही काही वेळा दोष गिअर बॉक्सचाच निघतो. त्याची लक्षणं निराळी. ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम वाढतो पण गाडी पुढे सरकत नाही. डी मध्ये टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंदांनी धक्का देऊन पकडते. ऑइल काळं पडलेलं असतं, त्याला जळका वास येतो. ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलं आहे. ओढ्यातून गाडी घातली की गरम गिअर बॉक्स पाण्यात एकदम थंड होतो आणि ब्रीदरच्या नळीतून पाणी आत ओढलं जातं. ट्रान्सफर केस आणि ॲक्सलचंही तेच. ओढ्याच्या खोल पाण्यातून गाडी काढली असेल, तर त्या आठवड्यातच तिन्ही ठिकाणचं ऑइल तपासून घ्या. अनेक ऑटोमॅटिक गिअर बॉक्सना डिपस्टिक नसते. ऑइल ठरावीक तापमानाला आल्यावर लेव्हल प्लग उघडून पातळी पाहावी लागते. हे अंदाजाने करणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका.

गिअरच्या दांड्याच्या स्विचची साधी खूण अशी: गाडी पी मध्ये सेल घेत नाही, पण एन मध्ये घेते. तिथे स्विच किंवा त्याची केबल जुळवून घेतली की बहुतेक वेळा काम भागतं. मॅन्युअल फोर-बाय-फोर गाडीत कोरड्या डांबरावर ४-हाय लावून वळणं घेतली, तर पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये ताण साठतो, गिअर सुटत नाही आणि दिवा लुकलुकत राहतो. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, ताण सुटतो. ४-हाय चिखलासाठी आहे, विठा घाटाच्या डांबरासाठी नाही.

कधी थांबायचं

फक्त एबीएसचा पिवळा दिवा असेल तर नेहमीचा ब्रेक चालतो, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबल्यास चाकं लॉक होऊ शकतात. वेग कमी ठेवून गॅरेज गाठा. एबीएसबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर घाट उतरू नका. गिअर ऑइल तापल्याची सूचना आली, तर सुरक्षित जागी थांबून गाडी एन किंवा पी मध्ये इंजिन चालू ठेवून थंड होऊ द्या. सेफ मोडमधली गाडी बंद करून पुन्हा चालू केल्यावर कधी कधी नीट चालते. त्यावर विसंबून पर्यटक घेऊन घाटघरला जाणं मात्र धोक्याचं आहे. उतारावर इंजिनचा ब्रेक नेमका हवा तेव्हा मिळाला नाही, तर सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो.

गॅरेजमध्ये सेन्सर बदलायचं ठरलं, की एकच प्रश्न विचारा: कुठे मोजलं आणि आकडा किती आला? जो मिस्त्री हा आकडा सांगतो आणि बिलावर लिहून देतो, त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. मोजण्याला लागणारा वेळ हेही कामच आहे, आणि तेच तुमचे पैसे वाचवतं. जो आकडा सांगू शकत नाही, त्याच्याकडून नवा सेन्सर घेऊ नका.

पुढील आठवड्यात : घाटात तापणारं इंजिन, रेडिएटर आणि थर्मोस्टॅट.