डोंगरउतारावर घर बांधण्यापूर्वीं

डोंगराच्या कुशींत जमीन असलेल्या आमच्या पुष्कळ वाचकांचा बेत असा असतो कीं, खालची सपाट जमीन पिकास ठेवावी आणि घर व गोठा वरच्या उतारावर बांधावा. बेत शहाणपणाचा आहे. परंतु उतार कापून सपाटी करण्यापूर्वीं तेथील भूमीची परीक्षा सहसा गवंड्याच्या नजरेवर सोपविली जाते, हें आम्हांस धोक्याचें वाटतें.

ही परीक्षा दोघां तज्ज्ञांची आहे. भूगर्भशास्त्रज्ञ डोंगर पाहतो. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्ह्याच्या एकावर एक पसरलेल्या थरांचा असून दोन थरांमध्यें पुष्कळ ठिकाणीं तांबड्या मातीचा पट्टा सांपडतो. कातळाच्या भेगांतून उतरलेलें पाणी अशा पट्ट्यावर अडतें व झऱ्याच्या रूपानें बाहेर पडतें. हे पट्टे, झरे, जुन्या घसरणीच्या खुणा व कललेलीं झाडें नकाशावर मांडून कोठें बांधूं नये हें तो सांगतो. मृदा-अभियंता त्याच जागेची माती प्रयोगशाळेंत तपासतो. भिजल्यावर ती किती जोर धरील, काप किती उभा ठेवावा, भराव किती जाडीच्या थरांनीं व किती ओलीवर चोपावा, आधारभिंतीमागचें पाणी कोठून काढावें, हें तो आंकड्यांनीं ठरवितो. बांध घालणाऱ्या शेतकऱ्यास भराव चोपण्याचें मर्म आम्हीं काय सांगावें! मात्र बांध खचला तर पुन्हां घालतां येतो. घराचें तसें नाहीं.

आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर ३० जुलै २०१४ रोजीं अतिवृष्टीनें डोंगर कोसळला व १५१ माणसें गेलीं. पुढें आमडे येथें नवें गांव वसविलें गेलें. २०१७ च्या पहिल्याच पावसांत तेथील भरावाची जमीन कांहीं ठिकाणीं खचली, रस्त्यांस भेगा पडल्या आणि एकदां होरपळलेले लोक पुन्हां धास्तावले. जुन्या गांवावर डोंगर आला, नव्या गांवांत भराव बसला. दोन्ही प्रश्न वेगळे, म्हणून तज्ज्ञही दोन.

खर्चाची शंका येणाऱ्यांसाठीं अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहराचा दाखला देतों. तेथें डोंगरावरील मातीकामाचे नियम १९५२ सालीं झाले व १९६३ सालीं अधिक कडक करून ह्या दोघां तज्ज्ञांची देखरेख सक्तीची केली. १९६९ च्या अतिवृष्टीनंतर मोजणी झाली, तेव्हां १९५२ पूर्वींच्या सुमारें १०,००० जागांपैकीं १,०४० जागांस हानि पोंचलेली आढळली. १९६३ नंतरच्या सुमारें ११,००० जागांपैकीं अवघ्या १७ जागांस.

देखरेख हा शब्द आम्हीं जाणून वापरला आहे. चार ठिकाणीं भोंकें पाडून सगळा उतार कळत नाहीं. काप उघडला म्हणजे आंतील पट्टा दिसतो व आराखडा बदलावा लागतो. त्या दिवशीं तज्ज्ञ जागेवर हवा. आणि जागा प्रथम दाखवावयाची ती भर श्रावणांत दाखवावी. झरे तेव्हांच वाहते असतात.