‘एकदा कुठेतरी नेऊन टाका’ म्हणण्याआधी

‘त्याला एकदा कुठेतरी नेऊन टाका, सुधारून येईल.’ दारूने पोळलेल्या घरांतून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. नवी मुंबईत ऐरोली असो, नेरूळ असो, पहिली चौकशी व्यसनमुक्ती केंद्राची होते, आणि केंद्र जितकं लांब तितका घरच्यांना धीर वाटतो. घराजवळ दर आठवड्याला भरणारा गट कुठे आहे, हे मात्र फार थोडे विचारतात.

केंद्रात राहणं अनेकांना गरजेचं असतं, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ‘एकदा’ या शब्दाशी. पुण्याचं मुक्तांगण डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने सुरू केलं. तिथेसुद्धा काही आठवड्यांचा मुक्काम संपला की उपचार संपले असं कोणी मानत नाही. रुग्णाने पाठपुराव्याला यायचंच असतं. मुक्कामात दारू अंगातून उतरते, झोप आणि भूक परत येते, बोलायला माणूस मिळतो. पण तिथे दारू समोर नसते. ती समोर येते परतल्यावर: पगाराच्या संध्याकाळी, तुर्भ्यात शिफ्ट सुटल्यावर, गावठाणातल्या हळदीच्या रात्री. त्या वेळी पुण्याचा समुपदेशक जवळ नसतो. दोन सेक्टर पलीकडे राहणारा, स्वतः पिणं सोडलेला माणूस फोन उचलू शकतो.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटांच्या संघटनेचा, म्हणजे एएचा जन्मच यातून झाला. न्यूयॉर्कचा बिल विल्सन दारूपायी पुन्हा पुन्हा रुग्णालयात दाखल झाला होता. शेवटच्या खेपेनंतर पाचेक महिने तो न पिता राहिला. मे १९३५ मध्ये अॅक्रन शहरात त्याचा व्यवहार फिसकटला आणि हॉटेलातला बार त्याला ओढू लागला. त्याने डॉक्टर शोधला नाही, बोलायला दुसरा दारुडा शोधला. तो निघाला डॉ. बॉब स्मिथ, व्यवसायाने सर्जन. १० जून १९३५ हा बॉब यांच्या शेवटच्या घोटाचा दिवस एएचा स्थापनादिन मानतात.

‘नुसत्या गप्पांनी काय होणार?’ असं विचारणाऱ्यांसाठी पुरावा आहे. कोक्रेन या संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र तपासली. एएशी पद्धतशीर जोडून दिलेल्यांपैकी वर्षभरानंतर सुमारे ४२ टक्के लोक पूर्ण दारूमुक्त होते, तर इतर उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के. म्हणजे गटात जाऊनही निम्म्याहून अधिक जण पुन्हा पितात, हेही लपवायचं कारण नाही. पण त्यांना परत यायला दार उघडं असतं. शिवाय खाटा आहेत किती? एम्सच्या तज्ज्ञांनी केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलीतरी मदत मिळते, आणि १८० मागे एकालाच दाखल होऊन उपचार मिळतात.

उचलून नेण्याबद्दलही सांगायलाच हवं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूशी निगडित आजार येतात. नुसती बायकोची किंवा भावाची सही घेऊन माणसाला कुलपात ठेवता येत नाही. मनाविरुद्ध दाखल करायचं तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, आणि संस्था नोंदणीकृत लागते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. एए ख्रिश्चनांचं आहे: मीटिंग कधी चर्चच्या किंवा शाळेच्या खोलीत भरते, कारण ती परवडते, धर्म कोणी विचारत नाही. फी असेल: नाही, सभासद ऐपतीप्रमाणे वर्गणी टाकतात आणि बाहेरची देणगी घेत नाहीत. आधी सोडा, मग या: अट एकच, सोडायची इच्छा. ऑफिसात कळेल: पहिलं नाव पुरतं. बायकांचं तिथे काय काम: पिणाऱ्या बायकाही असतात, आणि त्यांनाच मदत मागणं सर्वांत अवघड जातं. जेवणातून गुपचूप औषध द्या: डायसल्फिरामसारखं असं औषध पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो; असं औषध विकणाऱ्या जाहिराती मला संतापजनक वाटतात.

एक इशारा मात्र गटाच्याही आधीचा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. सकाळी हात थरथरत असतील, तर आधी डॉक्टर गाठा.

गट शोधणं अवघड नाही. नवी मुंबईत एएचे गट आहेत. संस्थेच्या संकेतस्थळावर शहरवार मीटिंगा दिलेल्या असतात. वार, वेळ आणि भाषा फोन करून पक्की करा, कारण जागा बदलतात. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. ‘ओपन’ मीटिंगला घरच्यांनाही बसता येतं. पहिला गट रुचला नाही तर शेजारच्या नोडमधला बघा. आणि पिणारा माणूस यायला तयारच नसेल, तर तुम्ही एकटे जा: घरच्यांसाठी अल-अॅनॉनचे वेगळे गट असतात, आणि तिथे जायला त्याच्या होकाराची गरज नाही.