प्रिंटएफ आणि टक्केचिन्हामागचा हिशेब

३४७ ही पूर्णांक संख्या संगणकाच्या मेमरीत ३, ४ आणि ७ अशा अंकांत साठवलेली नसते. तिथे असतात फक्त बिट: १०१०११०११. पडद्यावर अंक दिसायचे तर कुणीतरी हे रूपांतर करायला हवे, आणि ‘सी’ भाषेत ते काम ‘प्रिंटएफ’ हे फंक्शन करते. डेनिस रिची यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला घडवलेल्या या भाषेत छपाईची वेगळी आज्ञाच नाही. प्रिंटएफ येते ते लायब्ररीतून.

त्याला पहिली दिली जाते ती फॉरमॅट स्ट्रिंग. प्रिंटएफ ती एकेक अक्षर वाचत जाते. साधे अक्षर आले की जसेच्या तसे पुढे पाठवते, टक्केचिन्ह आले की मात्र थबकते आणि पुढचे अक्षर पाहते. तिथे डी असेल तर पूर्णांक दशमान पद्धतीत छापायचा, एक्स असेल तर षोडशमान पद्धतीत, एस असेल तर मजकूर. मध्ये ५ लिहिले तर किमान पाच घरांची जागा राखली जाते, म्हणजे ३४७च्या आधी दोन रिकाम्या जागा पडतात.

अंक काढायची रीत शाळकरी आहे. ३४७ला १०ने भागले की बाकी ७ उरते. ‘०’ या अक्षराचा आस्की संकेतांक ४८, त्यात ७ मिळवले की ५५, म्हणजेच ‘७’ हे अक्षर. मग ३४, मग ३. अंक असे उलट क्रमाने हाती येत असल्याने ते सहसा बफरच्या, म्हणजे तात्पुरत्या जागेच्या, शेवटाकडून भरत आणतात. अपूर्णांकांचे प्रकरण बरेच किचकट. ०.१ वीस दशांश स्थळांपर्यंत छापला तर शेवटी ५५५ उमटतात, कारण द्विमान पद्धतीत ०.१ नेमका मावतच नाही.

खरी गोम पुढे आहे. स्ट्रिंगच्या मागून आपल्याला छापायला किती मूल्ये दिली आणि ती कोणत्या प्रकारची, हे प्रिंटएफला कुणीच सांगत नाही. फॉरमॅट स्ट्रिंग म्हणेल ते प्रमाण. स्ट्रिंगमध्ये तीन टक्केचिन्हे आणि मूल्ये दोनच असतील, तर तिसऱ्या वेळी जे हाताला लागेल ते उचलले जाते. टक्का-एसला मजकुराच्या मेमरीतल्या पत्त्याऐवजी साधी संख्या दिली, तर तीच पत्ता समजून प्रिंटएफ मेमरीत भलतीकडे वाचायला जाते आणि बहुधा प्रोग्रॅम कोसळतो. आजचे कंपायलर अशी गफलत पाहून इशारा देतात, पण स्ट्रिंग कोडमध्येच लिहिलेली असेल तर.

प्रिंटएफच्या भावंडांपैकी ‘एसप्रिंटएफ’ मजकूर पडद्याऐवजी मेमरीत लिहिते आणि जागा पुरेल का, हे विचारतही नाही. ‘सी’ भाषेच्या १९९९च्या अधिकृत मानकात आलेले ‘एसएनप्रिंटएफ’ जागेची मर्यादा आधी मागते, म्हणून तेच वापरावे.

सगळ्यांत घातक टक्का-एन. तो काहीच छापत नाही. आतापर्यंत किती अक्षरे झाली तो आकडा मेमरीत लिहून ठेवतो. बाहेरून आलेला मजकूरच फॉरमॅट स्ट्रिंग म्हणून वापरला, तर मेमरीत लिहिण्याची वाट परक्याला मोकळी होते. अशाच चुकीमुळे २०२१मध्ये टक्केचिन्हांनी भरलेले नाव असलेल्या वायफायला जोडताच आयफोनचे वायफायच बंद पडत असे. ॲपलने ते आयओएस १४.७मध्ये दुरुस्त केले. अशा चुकीवरचा उपाय दोन अक्षरांचा आहे: परका मजकूर कधीही पहिल्या जागी द्यायचा नाही, तिथे टक्का-एस लिहून मजकूर त्याच्या मागे ठेवायचा.